धावत्या गाडीच्या वाऱ्यावर मोबाइल चार्ज होतो का? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात ऐन पावसाळ्यात डीपी, म्हणजे गावाचा ट्रान्सफॉर्मर, जळाली की चार-चार दिवस गावात अंधार असतो. जागलीला, म्हणजे रात्री शेताच्या राखणीला, गेलेल्या माणसाचा घराशी दुवा म्हणजे खिशातला फोन आणि हातातली बॅटरी, आणि नेमकं तेच दोन्ही बंद पडतं. माझं मोटर वाइंडिंग आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. अशा दिवसांत लोक फोन चार्जिंगला ठेवून जातात आणि जाता जाता गाडीवर पंखा लावण्याबद्दल विचारतात. मी स्वतः पंखे बनवले, मोटारसायकलवर लावले, मीटर धरून मोजले. त्यावरून ही उत्तरं. प्रश्न जसे आले तसेच ठेवले आहेत.

भाऊ, गाडी त धावूनच रायली, हवा त फुकटच लागून रायली. मंग तिच्यावर मोबाइल कावून चार्ज होत नाही?

होतो. फुकट होत नाही, एवढंच.

वारा नसलेल्या दिवशी गाडीवर जी हवा तोंडावर लागते, ती हवा जागच्या जागी उभी असते. आपणच तिच्यात घुसत असतो. ते घुसण्याचं बळ इंजिनातून येतं, म्हणजे पेट्रोलमधून. तिथे पंखा आडवा धरला की तो हवेला अडवतो, हवा गाडीला मागे ढकलते आणि इंजिनाला तेवढं जास्त ओढावं लागतं. पंख्यातून निघालेली वीज ही पेट्रोलचीच वीज असते, फक्त लांबचा फेरा मारून आलेली. धावत्या गाडीतून हात बाहेर काढून पंजा आडवा केला की हात मागे ओढला जातो, पंख्याचंही तसंच.

मंग नेमकी किती वीज भेटते?

हे नीट समजून घ्या, बाकी सगळी उत्तरं यातून निघतात.

वाऱ्यातली ताकद वेगाच्या तिसऱ्या घाताने वाढते. वेग दुप्पट झाला की ताकद आठपट, आणि वेग निम्मा झाला की ताकद आठवा हिस्सा. दुसरी गोष्ट पंख्याच्या घेराची. व्यास दुप्पट केला की चौपट वारा हाती लागतो.

नाश्त्याच्या प्लेटएवढा, १५ सेंटिमीटर व्यासाचा पंखा घेऊ. ताशी ४० किलोमीटरला त्याच्यावरून जाणाऱ्या हवेत साधारण १३ वॉट असतात. त्यातले सगळे कोणालाच काढता येत नाहीत. आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९१९ मध्ये दाखवून दिलं की कितीही उत्तम पंखा केला तरी ५९.३ टक्क्यांच्या वर जाता येत नाही, कारण सगळा जोर काढून घेतला तर हवा पंख्यामागे तुंबेल आणि पुढची हवा यायलाच जागा राहणार नाही. ही झाली मोठमोठ्या पवनचक्क्यांची मर्यादा. आपल्या हातच्या छोट्या पंख्यात पाती, मोटर, डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असं सगळीकडे गळत गळत १० ते १५ टक्के हाती आले तरी पंखा चांगला जमला म्हणायचं.

म्हणजे ४० च्या वेगाला सव्वा ते दोन वॉट. ६० च्या वेगाला साडेचार ते साडेसहा. आणि २० च्या वेगाला पाव वॉटसुद्धा नाही. गावातल्या खड्ड्यांच्या रस्त्यावर आपण बहुतेक वेळ विशी-तिशीतच असतो, हे लक्षात ठेवा.

त्याच्यानं फोन किती चार्ज होईन?

आजच्या ५००० एमएएचच्या फोनची बॅटरी साधारण १९ वॉट-तासांची असते. एक वॉट तासभर मिळाला की एक वॉट-तास. गावाहून तालुक्याला २५ किलोमीटर, ४० च्या वेगाने, म्हणजे पाऊण तासाच्या आत पोहोचलात. तेवढ्यात पंख्याने एक वॉट-तास दिला असेल. स्मार्टफोन चार-पाच टक्के चढेल, तोही बंद ठेवला असेल तर. चालू ठेवून नकाशा बघत गेलात तर उलट उतरेल.

कीपॅडच्या फोनची गोष्ट वेगळी. त्याची बॅटरी १००० एमएएचच्या आसपास, म्हणजे जेमतेम पावणेचार वॉट-तास. त्याच प्रवासात ती वीस टक्क्यांच्या पुढे चढते आणि तो फोन त्यावर सहज दिवस काढतो. दारव्ह्याहून यवतमाळपर्यंत, चाळीसेक किलोमीटर, मी असा फोन जोडून नेला होता. मित्र मागे मीटर धरून बसला होता. यवतमाळात शिरेपर्यंत बॅटरीची एक कांडी वाढली होती. तो आनंद खरा होता, कमी लेखत नाही. पण स्मार्टफोनवाल्याला मी ही आशा दाखवणार नाही.

पेट्रोल किती जास्त लागते?

ढोबळ हिशोब सांगतो. ४० च्या वेगाला दोन वॉट वीज काढताना तो पंखा गाडीला सुमारे नऊ वॉटने मागे ओढतो. मोटारसायकलचं इंजिन पेट्रोलमधल्या ताकदीचा पाव हिस्साही चाकापर्यंत पोहोचवत नाही. म्हणजे दोन वॉट विजेसाठी चाळीसेक वॉट ताकदीचं पेट्रोल जळतं. स्मार्टफोन शून्यापासून पूर्ण भरायला बारा तास गाडी चालवावी लागेल आणि नुसत्या पंख्यापायी ५० मिलीच्या आसपास पेट्रोल जाईल, म्हणजे पाचेक रुपये. तोच फोन घरच्या सॉकेटवर भरला तर एका युनिटचा चाळिसावा हिस्सा लागतो, पंचवीस पैसेसुद्धा नाही.

पाच रुपयांनी कोणी बुडत नाही. पण ज्याला फुकट म्हणून आपण मिरवतो, ती गावात मिळणारी सर्वांत महाग वीज निघते.

मंग गाडीवर फुकटची वीज कधी भेटतच नाही का?

भेटते, तीन ठिकाणी.

एक, उतारावर. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे घाट उतरताना आपण गाडी ओढत नाही, ब्रेक दाबून धरतो. तेव्हा पंख्याने गाडी मागे ओढली तर ब्रेकचंच काम हलकं होतं. ती वीज खरोखर फुकट. पण घाटातल्या वळणांवर वेग तिशीच्या वर जात नाही, जाऊही नये, त्यामुळे मिळते ती चिमूटभरच.

दोन, समोरून खरा वारा असेल तेव्हा. मृगाच्या आधी वावटळी सुटतात, पश्चिमेचा वारा सुटतो, त्या दिवसांत पश्चिमेला तोंड करून जाणाऱ्या गाडीच्या पंख्यावर दोन वारे असतात, एक गाडीचा आणि एक आभाळाचा. आभाळाच्या वाऱ्याचा वाटा फुकट असतो.

तीन, गाडी उभी असताना. उभ्या गाडीवरच्या पंख्याला मिळेल ते सगळं आभाळाचं. फक्त प्लेटएवढा पंखा तिथे कामाचा नाही. आपल्याकडचा रोजचा वारा सेकंदाला दोन-तीन मीटरचा, त्यात तो बहुधा हलणारही नाही. त्यासाठी मोठा पंखा लागतो, ते पुढे सांगतो.

गाडीच्या बॅटरीवरूनच चार्ज केला तर?

मोटारसायकल ज्याच्याकडे आहे त्याने हेच करावं. गाडीत आधीच अल्टरनेटर बसवलेला असतो. तोही पेट्रोलवरच वीज करतो, पण दोन वॉटसाठी पंख्याच्या निम्म्याहून कमी पेट्रोल घेतो. आणि तो दोन वॉटवर थांबत नाही, ५ व्होल्ट २ अँपिअर, म्हणजे दहा वॉट आरामात देतो. हँडलला लागणारं यूएसबी सॉकेट दोन-तीनशे रुपयांत मिळतं.

बसवताना दोन गोष्टी पाहा. जोडणी किल्लीच्या वायरवर घ्या, थेट बॅटरीवर नको. आणि मध्ये दोन-तीन अँपिअरचा फ्यूज टाकाच. थेट बॅटरीवर जोडलेला फोन गाडी उभी असतानाही ओढत राहतो. छोट्या गाडीची बॅटरी १२ व्होल्ट ४ अँपिअर-तासांची असली तर त्यात ४८ वॉट-तासच असतात. एक स्मार्टफोन भरेपर्यंत ती निम्मी उतरते आणि सकाळी सेल्फ लागत नाही. असे सेल्फ बंद पडलेले लोक माझ्याकडे दर महिन्याला येतात.

पोरीची सायकल हाय, शायेतून भेटलेली. तिच्यावर पंखा लावू का?

सायकलवर पंखा नको, डायनॅमो लावा. हे मी अगदी आग्रहाने सांगतो.

सायकलचा वेग ताशी १५ किलोमीटर. त्या वेगाला आपल्या प्लेटएवढ्या पंख्यातून एक वॉटचा दहावा हिस्साही निघत नाही. टायरला घासून फिरणारा जुना बाटलीच्या आकाराचा डायनॅमो त्याच वेगाला ६ व्होल्ट ३ वॉट देतो, म्हणजे तीस-चाळीसपट. आपल्या वडिलांच्या पिढीने याच डायनॅमोवर दिवा लावून रात्रीचे रस्ते कापले. आता सायकलच्या दुकानात तो सहसा मिळत नाही, पण भंगारवाल्याकडे विचारा, पन्नास-शंभर रुपयांत चालू अवस्थेतला सापडतो.

डायनॅमोची वीज उलटसुलट वाहणारी, म्हणजे एसी असते. ती सरळ करायला चार डायोड लावावे लागतात. साध्या डायोडच्या जोडीत १.४ व्होल्ट जातात, सहा व्होल्टमधून एवढे गेले की उरतं काय? म्हणून शॉट्की डायोड घ्या, त्यात निम्म्याहून कमी जातात. पुढे विजेचे चढउतार सपाट करायला २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ३५ व्होल्टचा. त्यापुढे येणारा व्होल्टेज कमी असो की जास्त, ५ व्होल्टच देणारं तयार बक-बूस्ट मॉड्यूल. कपॅसिटर ३५ व्होल्टचा का, तर काही जोडलेलं नसताना पोरगी उतारावरून सुसाट आली की डायनॅमोचा व्होल्टेज सहावर राहत नाही, दुप्पट-तिप्पट चढतो. कमी व्होल्टचा कपॅसिटर फुगून फुटतो.

पायाला थोडं जड जातं, हे खरं. शाळेत जाताना डायनॅमो टायरला लावायचा, परीक्षेच्या दिवशी उचलून ठेवायचा.

कूलरची जुनी मोटर घरी पडून हाय. तिला पातं लावलं त वीज करीन का?

हा प्रश्न विदर्भातच येणार, कारण आपल्याकडे प्रत्येक घराच्या छपरावर एक मेलेला कूलर पडलेला असतो.

कूलरच्या पंख्याची मोठी मोटर चालणार नाही. ती इंडक्शन मोटर, तिच्यात चुंबक नसतं. बाहेरून वीज दिली की तिच्यात चुंबकपण तयार होतं, नाही दिली की ते नुसतं लोखंड आणि तांबं. ती हाताने कितीही फिरवा, मीटर हलणार नाही.

पण त्याच कूलरमधल्या पाण्याच्या छोट्या पंपाच्या आत चुंबकाचा रोटर, म्हणजे फिरणारा भाग, असतो. तो फिरवला की वीज निघते. अडचण अशी की त्याची वाइंडिंग २३० व्होल्टसाठी बारीक तारेची असते, म्हणून व्होल्टेज दिसतो भरपूर आणि करंट निघतो नखभर. एलईडी लावून पोरांना दाखवायला छान. फोनला पुरणार नाही.

मंग कोणती मोटर घ्याची?

जुन्या प्रिंटरमधली स्टेपर मोटर, म्हणजे टप्प्याटप्प्याने फिरणारी. झेरॉक्सच्या दुकानातलं भंगार धुंडाळा. ती कमी फेऱ्यांतही चांगला व्होल्टेज देते आणि तिच्यात कार्बन ब्रश नसल्याने झिजत नाही. तिच्या दोन वेगळ्या वाइंडिंग असतात, दोन्हींना चार-चार डायोड लावून पुढे एकत्र जोडायच्या. दोष एकच, हाताने फिरवली की ती कट-कट अडते. त्या अडण्यावर मात करेपर्यंत पंखा सुरूच होत नाही, म्हणून पाती थोडी रुंद ठेवावी लागतात.

खेळण्यातली मोटर स्वस्त आहे, पण पाच व्होल्टसाठी तिला मिनिटाला हजारो फेरे लागतात आणि ब्रश लवकर खलास होतात. संगणकातला छोटा पंखा उलटा फिरवून काही निघत नाही, त्याच्या आतली चिप आडवी येते.

फोन लावला की 'चार्जिंग' दिसते, लगेच जाते. टुंग-टुंग वाजत रायते. कावून?

वेग कमी-जास्त झाला की व्होल्टेज पाचच्या खाली येतो, फोन चार्जिंग सोडून देतो. फोनने ओढणं सोडलं की व्होल्टेज पुन्हा चढतो, फोन पुन्हा धरतो. त्यात प्रत्येक वेळी स्क्रीन पेटते, म्हणजे मिळालं त्याहून जास्त खर्च.

उपाय सोपा आहे. पंखा आणि फोन यांची थेट गाठ घालायची नाही. मध्ये १८६५० नंबरचा लिथियम सेल आणि टीपी४०५६ हे वीस-तीस रुपयांचं चार्जिंग मॉड्यूल टाका. पंख्याने सेल भरायचा, जसा भरेल तसा. घरी पोहोचल्यावर त्या सेलवरून फोन. मॉड्यूलला पाच-साडेपाचच्या वर व्होल्टेज देऊ नका, आधी व्होल्टेज बांधून ठेवणारा रेग्युलेटर हवाच.

आणि एक, हातात धरायच्या जुन्या चार व्होल्टच्या लेड बॅटरीच्या टॉर्चला हे लिथियमचं मॉड्यूल जोडू नका. तिचं भरण्याचं गणित वेगळं आहे.

बाजारात तयार पंखा भेटते, २० वॉट लिहिलेला. घेऊ का?

मी एक मागवला होता. पंखा तळहाताएवढा आणि डब्यावर मोठा आकडा. वरचा हिशोब लावून पाहा. दहा सेंटिमीटरच्या पंख्यावरून ६० च्या वेगाला जाणाऱ्या हवेतच सगळे मिळून वीस वॉट असतात. त्यातले वीसच्या वीस काढून दाखवणं बेट्झच्या मर्यादेपलीकडचं आहे. माझ्या हाती दीड वॉटही लागला नाही. पैसे खर्च करण्याआधी व्यास मोजा, वेग विचारा. कोणत्या वेगाला किती वॉट, हे ज्या डब्यावर लिहिलेलं नाही तो डबा परत ठेवा.

बैलगाडीवर, ट्रॅक्टरवर?

बैलगाडीचा वेग माणसाच्या चालीचा, पंखा हलणारही नाही. ट्रॅक्टरला बारा व्होल्टची दणकट बॅटरी असते, तिच्यावरून घ्या.

एसटीच्या खिडकीतून हातात पंखा धरला त चालन का?

नाही. कृपा करून नाही. समोरून येणारा ट्रक आणि आपल्या कोपरात वीतभर अंतर असतं. रेल्वेच्या खिडकीतूनही नाही. रेल्वेने हा प्रश्न फार पूर्वी वेगळ्या रीतीने सोडवला. डब्याखाली चाकाच्या आसावरून पट्टा घेऊन अल्टरनेटर फिरवायचा आणि डब्यातले दिवे-पंखे चालवायचे. म्हणजे वारा नाही, चाकच, सायकलच्या डायनॅमोसारखं.

धावत्या वाहनाच्या वाऱ्यावरचा पंखा खरोखर जीव वाचवतो तो विमानात. दोन्ही इंजिनं बंद पडली की पोटाखालून एक छोटा पंखा बाहेर येतो आणि विमान वळवण्यापुरती ताकद देतो. २३ जुलै १९८३ ला कॅनडात एका प्रवासी विमानाचं इंधन हवेतच संपलं, तेव्हा वैमानिकांनी याच पंख्याच्या जोरावर ते सुखरूप उतरवलं. तिथे वेग शेकडो किलोमीटरचा असतो आणि दुसरा इलाज उरलेला नसतो, म्हणून तो पंखा योग्य ठरतो.

लावायचाच असन त काय काळजी घ्याची?

दुपट्ट्याची. आपल्याकडे उन्हाळ्यात गडी असो की बाई, डोक्या-तोंडाला दुपट्टा बांधल्याशिवाय कोणी गाडीवर बसत नाही. ६० च्या वेगाला काही न जोडलेला पंखा मिनिटाला चार-पाच हजार फेरे मारतो. दुपट्ट्याचं टोक त्यात गेलं तर काय होईल ते लिहवत नाही. पुढून-मागून जाळी लावल्याशिवाय पंखा गाडीवर चढवू नका. टेबल फॅनची जाळी कापून बसते. जाळीने थोडा वारा अडतो, अडू द्या.

पातं पीव्हीसी पाइपचं करा, पत्र्याचं नको. पंखा हँडलच्या रुंदीबाहेर येऊ देऊ नका, दिवा आणि इंडिकेटर झाकू नका. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ ने बंधन आहे. म्हणून वेल्डिंग करून कायमचं काही जोडू नका, क्लॅम्पने बसेल आणि निघेल असंच ठेवा.

उन्हाळ्यात फोन चार्जिंग घेत नाही, 'गरम झाला' म्हणते.

बरोबर म्हणतो. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. मे महिन्यात अकोला, चंद्रपूरकडे सावलीतलाच पारा तिथे पोहोचतो, उन्हात हँडलवर लावलेला फोन तर त्याच्या कितीतरी पुढे. दुपारी पंखा, सॉकेट, सोलर काहीही असो, फोन सावलीत गार होऊ द्या आणि मगच लावा. सकाळी नऊच्या आत सगळ्यांत बरं. फुगलेली बॅटरी दिसली तर ती दाबू नका, टोचू नका, घराबाहेर ठेवा.

जागलीवर, मचाणावर मोठा पंखा लावला त?

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो, कारण इथे खरंच काही हाती लागतं.

एक मीटर व्यासाचा पंखा सेकंदाला चार मीटरच्या वाऱ्यात पाच-सहा वॉट देऊ शकतो. पेट्रोल नाही, ओढ नाही. जून-जुलैत मोकळ्या माळावरच्या शेतात असा वारा असतो. मचाण झाडांच्या वर असेल तर आणखी बरं. हेड टॉर्च, कीपॅडचा फोन, रानडुकरं पळवायचा भोंगा, सगळं यावर निघतं. पण हिवाळ्यात रात्री वारा पडतो, आणि तूर-हरभऱ्याची राखण तर हिवाळ्यातच. म्हणून एकट्या वाऱ्यावर विसंबू नका.

सोलर बरा का वारा?

फोनसाठी सोलर. दहा वॉटचं पॅनल चांगल्या उन्हाच्या दिवशी ४० वॉट-तासांच्या आसपास देतं, म्हणजे दोन स्मार्टफोन नाही तरी दीड नक्की. श्रावणात झड लागली की ते बसतं, आणि नेमका तेव्हाच वारा असतो. मचाणावर दोन्ही ठेवणाऱ्याची बॅटरी क्वचितच रिकामी राहते.

पोराला विज्ञान प्रदर्शनात हे मांडायचं हाय. काय मांडू?

मांडू द्या, आणि पंख्यासोबत वहीही मांडायला सांगा. मोटारसायकल तुम्ही चालवा, पोराला मागे बसवा, हेल्मेट दोघांना. पंख्याला फोन लावू नका, १० ओहमचा ५ वॉटचा रेझिस्टर लावा आणि त्याच्यावरचा व्होल्टेज त्याला वाचायला सांगा. २०, ३०, ४०, ५० अशा प्रत्येक वेगाला एक आकडा. व्होल्टेजचा वर्ग करून दहाने भागलं की वॉट. जाताना एकदा आणि त्याच रस्त्याने परत येताना एकदा मोजा, म्हणजे खऱ्या वाऱ्याचा फरक कळेल. मीटर नसेल तर माझ्यासारख्या कुठल्याही वाइंडिंगवाल्याकडे मागा, दिवसभरासाठी कोणी नाही म्हणणार नाही.